लेकींची वंशावळ

पॉल ब्रोका आपल्याला ठाऊक असतो तो मेंदूतल्या वाणीच्या केंद्रामुळे. मला त्याचे दुसरे एक काम अधिक मोलाचे वाटते. १८६६ साली पॅरिसमध्ये निघालेल्या अर्बुदांवरील ग्रंथात त्याने एका घराण्याचा इतिहास दिला. आरंभी येते 'मादाम झेड'. ती १७८८ साली स्तनाच्या कर्करोगाने गेली. चार पिढ्यांतल्या २४ स्त्रियांपैकी १० जणी याच रोगाने गेल्या होत्या. हे घराणे ब्रोकाच्या पत्नीचेच, असे अभ्यासक मानतात. नाव झाकले, पण मरणे मोजली. आपल्या जुन्या कुळवृत्तांतांत हे सापडले नसते. तिथे लेकींची शाखा बहुधा लग्नापाशीच संपते.

एका घरात इतकी मरणे हा योगायोग नव्हे, एवढे ब्रोकाने ताडले. पण पुरावा मिळायला सव्वाशे वर्षे लागली. मेरी-क्लेअर किंग यांनी १९७४ च्या सुमारास हा शोध हाती घेतला, तेव्हा कर्करोगाच्या मुळाशी विषाणू असावेत या विचाराचा जोर होता. त्यांनी २३ कुटुंबांतले १४६ रुग्ण तपासले. सगळी कुटुंबे एकत्र घेतली की खूण पुसट व्हायची. मग रोग जडला त्या सरासरी वयानुसार कुटुंबांची रांग लावली, आणि सर्वांत तरुण वयाच्या सात कुटुंबांत १७ व्या गुणसूत्रावरची एक जागा स्पष्ट दिसली. साल १९९०. सारी करामत त्या रांगेत होती, असे मला वाटते. १९९४ मध्ये तिथले 'बीआरसीए-१' जनुक हाती आले. पुढच्या वर्षी १३ व्या गुणसूत्रावरचे 'बीआरसीए-२'.

ही 'कर्करोगाची जनुके' असे सर्रास म्हटले जाते, ते चूक आहे. ती रफूगार आहेत. डीएनएचे दोन्ही पेड एकदम तुटले, तर शेजारची शाबूत प्रत पाहून तुटका मजकूर पुन्हा लिहिण्याच्या कामी ती लागतात. ती नसली, तर पेशी टोकाला टोक कसेबसे जोडते आणि मधली अक्षरे गळतात. वेल्लोरला वैद्यक शिकलेले अशोक वेंकटरमण आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये केंब्रिजहून दाखवले, की बीआरसीए-२ खुंटलेल्या पेशींत गुणसूत्रे आपोआप मोडू लागतात.

म्हणजे वारशाने रोग येत नाही, हा ठिसूळपणा येतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असली तरी दुसरी बरीच वर्षे काम निभावते. एखाद्या पेशीत तीही गेली, की धोका सुरू होतो. सदोष प्रत अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, आणि ती मुलग्यांमार्फतही पुढे सरकते. बाप स्वतः धडधाकट राहून मुलीला ती देऊ शकतो. म्हणून आज जनुकीय सल्लागार वंशावळ काढायला बसतो, तेव्हा आई-मावशीइतकीच आत्याचीही चौकशी करतो.