समुद्री गरुड : काय खातो, घरटं कुठे करतो आणि कायदा काय सांगतो

कोकण किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाशी मोठ्या झाडाच्या शेंड्यावर पांढरा-राखाडी पक्षी बसलेला दिसला, तर बरेच जण त्याला घारच म्हणतात. पण तो समुद्री गरुड असतो. डोकं, छाती, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, पंखांचा पसारा साधारण दोन मीटर. मादी नरापेक्षा मोठी. पिल्लं मात्र काही वर्षं तपकिरीच राहतात, त्यामुळे फसगत होते.

मुख्य खाणं मासे आणि समुद्री साप. साप श्वास घ्यायला पाण्यावर येतो, तेवढ्यात हा वरून येऊन पायांनी उचलतो. सहसा पाण्यात बुडी मारत नाही. बोटांखाली खरखरीत काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही. घरट्याच्या झाडाखाली सापांची हाडं पडलेली सापडतात, ती यामुळेच. खेकडे, इतर पक्षी आणि किनाऱ्याला लागलेले मेलेले मासेही त्याला चालतात. दुसऱ्या घारींच्या तोंडचा घास पळवण्यातही तो मागे नाही!

जगभराचा विचार केला तर ही जात आज धोक्यात धरली जात नाही, पण संख्या घटते आहे. आपल्याकडे खरी अडचण झाडांची. जोडी आंबा, वड, सुरू अशा उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं करते आणि तेच घरटं डागडुजी करून वर्षानुवर्षं वापरते. अंडी बहुतेक दोन, पावसाळा संपल्यावर घातली जातात. नेमकी त्याच सुमारास गावात झाडतोड सुरू होते. झाड गेलं की तेवढं उंच दुसरं जवळपास मिळेलच असं नाही.

झाड खासगी जागेत असलं तरी घरट्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हा पक्षी अनुसूची १ मध्ये येतो. पक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरट्याला त्रास देणं ही कायद्याने शिकारच धरली जाते. गुन्हा शाबीत झाला तर किमान ३ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. ठेकेदाराला झाड देण्याआधी शेंडा एकदा नीट बघून घ्यावा. घरटं दिसलं तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवता येतं.

वेळासचा कासव महोत्सव सगळ्यांना माहीत आहे. पण तिथलं कासव संरक्षणाचं काम २००२ साली उभं राहिलं, ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं याच गरुडाची पाहणी करायला तिथे गेली होती म्हणून. वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं त्यांना तेव्हाच दिसली.