दंडावरचे वण

आजीच्या दंडावर दोन गोल वण होते. ती लहान असताना काटेवाडीत ‘देवी डॉक्टर’ येणार अशी कुणकुण लागली, की आया पोरांना कडब्याच्या गंजीमागं दडवत. तीही दडली होती, खोकल्यामुळं सापडली. ‘पैका न्हाई मागितला त्यानं,’ ती सांगायची, ‘टोचलं आन् गेला फुडच्या वस्तीवर.’ देवीनं डोळे गेलेला चुलता तिनं घरातच पाहिला होता. हे वण तिनं कधी पदराआड झाकले नाहीत.

पैसे मात्र दिलेले होते. त्या काळी शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड घेत. त्यातून लोकल बोर्डाच्या सडका, शाळा, दवाखाने चालत, लस टोचण्याच्या कामालाही हातभार लागे. चावडीवर कुरकुरत सारा भरणाऱ्या कुणाचा तरी आणा आजीच्या दंडापर्यंत पोचला होता. कुणाचा, हे तिला कधीच कळलं नाही आणि कुणाच्या उपकाराखाली राहावंही लागलं नाही.

आजोबांच्या भावाचं तसं झालं नाही. पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यांना शहरात खाजगी दवाखान्यात नेलं. आधी बैलजोडी गेली, मग आजीच्या पाटल्या, शेवटी कालव्याखालचा जमिनीचा तुकडा. भाऊ वाचला. पण पुढं कित्येक वर्षं दोघं एका पंगतीला बसले तरी नजर चुकवत. आपल्यापायी घर बुडालं, हे धाकट्याच्या मनातून जाईना. आणि तुकडा विकताना आपण क्षणभर कचरलो होतो, हे थोरल्याच्या. आजारपणाचा हा हिशेब कुठल्याच बिलात येत नाही.

नाशिकला जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ सालीच सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. दोन वर्षांनी इंग्लंडनं करांच्या पैशातून तशी व्यवस्था उभारली. आपण अजून वाटेतच आहोत. सरकारनं २०२५ पर्यंत आरोग्यावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के खर्च करावा, हे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचं उद्दिष्ट होतं. ते कमीच आहे असं मला वाटतं.

‘शेतकरी कुठं कर भरतो?’ असं ऐकलं की मला राग येतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, खरं. पण साबणाच्या वडीवर, डिझेलवर मजूर बाईसुद्धा कर देते. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्तीच्या जोडीला ‘आरोग्य कर’ असतोच. रक्कम लहान, पण शब्द किती स्पष्ट!

आषाढात तुकोबांची पालखी येते तेव्हा काटेवाडीत तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. कळपावर रोगराई येऊ नये म्हणून मेंढपाळ मेंढ्या सोडतात. त्यातली एखादी निवडून बाजूला कुणी ठेवत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार मोफत झाले. त्यानंतर चुलतीला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो. औषधांतलं एक बाहेरून आणावं लागलं, ते खटकलंच. पण केसपेपरच्या खिडकीशी तिनं सवयीनं पदराची गाठ सोडली आणि विचारलं, ‘किती द्यायचं?’

‘काही नाही, मावशी. नाव सांगा.’

तिनं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गावाचंही. गाठ पुन्हा बांधायची तिच्या ध्यानातच राहिलं नाही.