गिटमध्ये अर्धवट काम ठेवायचं कुठे?

एका ब्रँचवर काम अर्धं झालेलं असतं आणि दुसऱ्या ब्रँचवरची चूक तातडीने दुरुस्त करायची वेळ येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या गिटमध्ये कमिट न केलेले बदल कोणत्याच ब्रँचचे नसतात. ब्रँच बदलली की ते सोबत येतात. पुसले जाण्याची शक्यता असेल, तर गिट ब्रँच बदलूच देत नाही.

अशा वेळी ‘गिट स्टॅश’ने बदल बाजूला ठेवता येतात, ‘गिट स्टॅश पॉप’ने परत आणता येतात. मात्र गिटमध्ये अजून न जोडलेल्या नव्या फायली स्टॅशमध्ये जात नाहीत. त्यासाठी ‘हायफन यू’ हा पर्याय द्यावा लागतो. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तरी स्टॅश तसाच राहतो, त्यामुळे घाबरून काही पुसू नये. खरा धोका वेगळाच आहे: नेहमीच्या पुशमध्ये स्टॅश सर्व्हरवर जात नाही. लॅपटॉप बिघडला की तोही गेला.

म्हणून काम दोन-चार दिवस रखडणार असेल, तर वेगळ्या ब्रँचवर ‘अपूर्ण’ असं लिहून कमिट आणि पुश केलेलं बरं. दोन्ही कामं रोजच चालत असतील, तर २०१५ मध्ये आलेलं ‘गिट वर्कट्री’ सोयीचं. त्यात दुसरी ब्रँच वेगळ्या फोल्डरमध्ये उघडते.