दाजीपूरला पक्षी बघायला जाण्याआधी

राधानगरी म्हटलं की आम्हा उचगावकरांना पक्षी आठवत नाहीत, धरणाचे दरवाजे आठवतात. जुलै-ऑगस्टात सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावरून पंचगंगा कुठवर चढणार याचे अंदाज चहाच्या टपरीवर बांधले जातात. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलात, येत्या फेब्रुवारीत गल्लीतली दहा-बारा पोरं घेऊन पक्षी बघायला जायचं आम्ही ठरवतोय.

उचगावहून अंतर ऐंशीएक किलोमीटर. गाडी, डबे, वनखात्याची परवानगी, दुर्बिणी किती आणि कुणाच्या, हे सगळं तासाभरात कागदावर आलं. मग पोरांच्या हातात द्यायला पक्ष्यांची यादी करायला बसलो, आणि तिथून जो इतिहासात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही!

आधी जंगलाचं बघा. हे रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. शाहू महाराज स्वतः नावाजलेले शिकारी. त्यांनीच १९०८ साली राधानगरी वसवली आणि १९०९ मध्ये भोगावतीवर धरणाचं काम सुरू केलं. १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य जाहीर झालं, आजच्या महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये ते वाढवून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य केलं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं.

म्हणजे गंमत बघा, मारण्यासाठी राखलेलं रान पुढे जगवण्याच्या कामी आलं. आमच्या यादीत पहिला मान धनेशाचा. त्याची मादी म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवतो. एवढी मोठी ढोली चार-दोन वर्षांच्या झाडाला नसते. झाड जुनं होईपर्यंत कुणी तोडता कामा नये. राजाची राई किंवा देवाची राई, दोन्हीकडे ते जमलं. पण शिकारीसाठी राखलेलं रान म्हणजे इतरांना बंद रान, आणि नंतर अभयारण्याचे नियम व पुनर्वसनाचा प्रश्नही तिथल्या गावांच्याच वाट्याला आला. धनेश बघून खूश होताना पोरांनी हेही ऐकावं असं मला वाटतं.

आता यादीचं. आपल्या भागातल्या पक्ष्यांची पहिली मोठी छापील यादी कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याची, १८३२ सालची, दख्खनच्या पक्ष्यांची. सह्याद्रीतल्या एका रानकबुतराला त्यांनी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. शास्त्रीय नावात ते आजही आहे. पुढे १८८० मध्ये विडाल यांची दक्षिण कोकणची यादी आली, म्हणजे फोंडा घाटाच्या खालची. ती छापली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात. त्याचे संपादक कोण? १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम! या याद्या दुर्बिणीतून झालेल्या नाहीत. पक्षी मारायचा, कातडं भरायचं, मापं घ्यायची आणि मग नोंद करायची, ही त्या काळची रीत. एकेका ओळीमागे बंदुकीचा बार आहे.

आणि तरीही त्यांना सलाम करावा लागतो. साईक्स यांनी जागोजागी पक्ष्याचं मराठी नावही टिपलंय, उदाहरणार्थ तुरुमती. ती नावं त्यांना कुणीतरी सांगितली असणार... शिकारी, गुराखी, वाटाडे. गव्हर्नरचं नाव कबुतराला लागलं. सांगणाऱ्यांची नावं यादीत नाहीत.

हे मला लागण्याचं कारण घरातलं आहे. माझी आजी घाटाखालची, फोंड्याकडची. ती धनेशाला 'ककणेर' म्हणायची. हा एकच शब्द तिच्याकडून माझ्याकडे आला. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. आणखी किती पक्षी तिला नावानं ओळखू येत होते, हे कळायला आता मार्ग नाही. कुठल्याही कर्नलच्या यादीत ते सापडणार नाही.

म्हणून बेत थोडा बदललाय. पहाटे निघायचं, सकाळचे तीन तास जंगलात. ढोलीजवळ जायचं नाही, आवाज करायचा नाही. दुपारची वेळ मात्र जंगलासाठी नाही, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसण्यासाठी. पोरांच्या वहीत तीन रकाने आखलेत. पहिला पुस्तकातल्या नावाचा, दुसरा दिसलं त्याचा, आणि तिसरा तिथल्या माणसांनी सांगितलेल्या नावाचा, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याच्या नावासकट. पहिल्या रकान्यात चाळीस नावं मी घरबसल्या भरली. तिसऱ्यात सध्या एकच शब्द आहे, ककणेर, आणि समोर आजीचं नाव.