ऑस्कर मिशो : कात्री हाती घेतलेला काळा दिग्दर्शक

दिग्दर्शक नेमके करतो काय? नटांना उभे करतो, कॅमेरा कोठे ठेवायचा ते सांगतो, हे खरेच. परंतु कोणत्या दृश्यानंतर कोणते दृश्य पडद्यावर यावे, हा निर्णयही त्याचाच असतो, आणि प्रेक्षकाने कोणाला भ्यायचे व कोणासाठी रडायचे हे त्या क्रमावरून ठरते. ही सत्ता आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ती आपल्याविरुद्ध वापरली गेलेली पाहिली.

१९१५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ लागला. (बाबासाहेब त्या वेळी याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.) ग्रिफिथचा बाप यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या फौजेत कर्नल होता. मुलगा कसबी निघाला, याबद्दल वाद नाही. वेढलेली झोपडी, आत घाबरलेले गोरे. लगेच दौडत येणारे कू क्लक्स क्लानचे स्वार. पुन्हा झोपडी, पुन्हा स्वार. दोन ठिकाणच्या घटना अशा आलटून-पालटून दाखवल्या की प्रेक्षकाचा श्वास कोंडतो आणि खुनी टोळी त्याला तारणहार वाटू लागते. त्यातली प्रमुख काळी पात्रे तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी वठवली होती. त्याच वर्षी जॉर्जियात क्लान नव्याने उभी राहिली.

ऑस्कर मिशोचा जन्म १८८४ सालचा, इलिनॉय राज्यातला. बाप गुलामीत जन्मलेला. मिशोने रेल्वेच्या पुलमन डब्यांत प्रवाशांची चाकरी केली, साउथ डकोटात गोऱ्यांच्या वस्तीत जमीन घेऊन कसली, कादंबऱ्या लिहून त्या दारोदार विकल्या. ‘द होमस्टेडर’ या त्याच्या कादंबरीवर लिंकन या कृष्णवर्णीयांच्याच कंपनीला चित्रपट काढायचा होता. मिशोने अट घातली : दिग्दर्शन मीच करणार. बोलणे फिसकटले. चित्रपटाचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. तरीही ओळखीच्या शेतकऱ्यांना भाग विकून त्याने भांडवल उभे केले आणि १९१९ मध्ये चित्रपट पडद्यावर आणला. दुसऱ्याने सांगितलेली आपली कहाणी त्याला नको होती.

१९२० चा ‘विदिन अवर गेट्स’ हा मात्र ग्रिफिथच्या कात्रीलाच दिलेला जबाब आहे. जॅस्पर लँड्री हा वाट्याने जमीन कसणारा काळा शेतकरी. शिकलेली मानसकन्या सिल्व्हिया त्याला हिशेब मांडून देते आणि तो घेऊन तो जमीनदाराकडे जातो. जमीनदाराला गोळी घालतो दुसराच एक गोरा. आळ येतो लँड्रीवर. पुढे मिशो तेच तंत्र उलटे फिरवतो : इकडे झुंड नवरा-बायकोला फासावर चढवते आहे, तिकडे मेलेल्या जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर झडप घालतो आहे, पुन्हा झुंड, पुन्हा ती खोली. येथे कोणी स्वार वाचवायला येत नाही. तिच्या छातीवरचा व्रण पाहून त्या गोऱ्याला कळते की ही आपलीच मुलगी. लिंचिंगचे समर्थन ‘गोऱ्या स्त्रीच्या अब्रू’साठी केले जाई. अब्रू खरी कोणाची लुटली जात होती, हे दोन दृश्ये शेजारी ठेवून सांगितले गेले. आणि हा सारा पूर्ववृत्तांत येतो तो चित्रपटाच्या शेवटाकडे, शाळेसाठी निधी जमवणारी शिक्षिका म्हणून आपण सिल्व्हियाला ओळखू लागल्यावर.

शिकागोच्या सेन्सॉरने आधी परवानगी नाकारली. १९१९ च्या उन्हाळ्यात त्या शहरात वंशदंगल झाली होती. ती पुन्हा पेटेल, अशी भीती पुढे करण्यात आली. ग्रिफिथचा चित्रपट मात्र, विरोध होऊनही, देशभर चालला होता.

मिशोला निर्दोष ठरवण्याची गरज नाही. पैशाअभावी त्याचे कितीतरी प्रसंग उरकल्यासारखे वाटतात. उजळ वर्णाचे नायक-नायिका निवडण्याची त्याची सवय तर सरळसरळ बोचते. त्याच्या ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रेन’विरुद्ध १९३८ मध्ये न्यूयॉर्कला निदर्शने झाली, ती उगाच नव्हे. परंतु पॉल रोबसनला पडद्यावर प्रथम आणले ते मिशोनेच, १९२५ च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये. १९४८ पर्यंत त्याने चाळीसवर चित्रपट काढले. १९५१ मध्ये तो वारला.

त्यातले बहुतेक नष्ट झाले. ‘विदिन अवर गेट्स’ची एक प्रत स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने सापडली. तिची डागडुजी करताना बहुतेक इंग्रजी पाट्या स्पॅनिशवरून परत रचाव्या लागल्या.