पोर्ट : बंदर की दार?

एका छोट्या कारखान्याच्या कचेरीत इंटरनेटवर चालणारी फोनव्यवस्था बसवून आठ दिवस झाले होते. सकाळी तिचा लॉग उघडला आणि बघतच राहिलो. रात्री दोनपासून ओळीमागून ओळ : एक्स्टेंशन १००, पासवर्ड चुकीचा. १०१, पासवर्ड चुकीचा. १०२, १०३... कचेरीत फोन सगळे अकरा, आणि हा आकडा नऊशेच्या पुढे गेलेला. हिशेब पाहणारे काका शेजारी उभे होते. "हे सगळे येतात तरी कुठून?" त्यांनी विचारलं. "पोर्ट ओपन आहे काका, ५०६०," मी म्हटलं. "पोर्ट म्हणजे बंदर ना? इथे कुठलं आलंय बंदर?"

काकांचा प्रश्न रास्त होता. मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हापासून 'पोर्ट' म्हटलं की मराठी कानाला जहाजं, गोदामं आणि क्रेनच आठवतात. पण संगणकातलं पोर्ट त्या घरचं नाही. लॅटिनमध्ये दोन वेगळे शब्द होते : 'पोर्टुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्टा' म्हणजे दार, गावाची वेस. इंग्रजीत येताना दोघांची शेपटं गळाली आणि दोघेही 'पोर्ट' झाले. मूळ मात्र दोघांचं एकच, पार जाणं. आपला 'पार', पैलतीर या अर्थाचा, त्याच घराण्यातला मानतात. वाहून नेणं या अर्थाचं लॅटिन 'पोर्टारे' हे याच कुळातलं आणखी एक भावंड. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवता येऊ लागला आणि आपण "नंबर पोर्ट केला" म्हणू लागलो. ते पोर्ट या भावंडाचं.

फोनव्यवस्थेतलं पोर्ट 'पोर्टा'चं, म्हणजे दाराचं. वेशीवरून हा शब्द जहाजाच्या कुशीतल्या झरोक्यावर गेला, तिथून यंत्रात वाफ शिरण्याच्या तोंडावर, मग विजेच्या आणि संगणकाच्या जोडणीवर. जगातल्या भाषांनी आपापल्या परीने याचा उलगडा केला आहे. इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये संगणकाच्या पोर्टला 'पोर्टा' म्हणतात, सरळ दार. स्पॅनिशने मात्र 'पुएर्तो' म्हणजे बंदर निवडलं. गोव्यातल्या ज्या घरांत अजून पोर्तुगीज बोलली जाते, तिथे काकांचा प्रश्न पडलाच नसता. दाराला 'पोर्टा' आणि बंदराला 'पोर्तु' असे दोन शब्द तिथे रोजच्या वापरात आहेत.

या दाराला फळ्या नाहीत, बिजागऱ्या नाहीत. ते निव्वळ एक आकडा आहे, ० ते ६५५३५ यांच्यामधला. आयपी पत्ता इमारतीपर्यंत आणतो, पोर्टचा आकडा त्या इमारतीतलं नेमकं दार दाखवतो. आरंभीच्या काळात या आकड्यांना 'सॉकेट' क्रमांक म्हणत. सॉकेट या शब्दाचं मूळ तर थेट शेतात सापडतं : जुन्या फ्रेंचमध्ये 'सोक' म्हणजे नांगराचा फाळ आणि 'सोकेट' म्हणजे फाळाच्या आकाराचं भाल्याचं टोक. कोणत्या सेवेला कोणता आकडा, याची शिस्त लागावी म्हणून मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी सुचवलं की आकडे एकाच माणसाने वाटावेत, आणि पुढे कित्येक वर्षं ती वही त्यांनीच सांभाळली. इंटरनेटवरून फोन जोडून देणारी 'सिप' ही पद्धत १९९९ साली प्रमाण म्हणून मांडली गेली. तिच्या वाट्याला ५०६० आला आणि कूटबद्ध निरोपांसाठी ५०६१.

पण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा शब्द 'पोर्ट' नाहीच, तो आहे 'डिफॉल्ट'. आपण त्याला 'पूर्वनिर्धारित' म्हणतो, आणि तो प्रतिशब्द फार सज्जन आहे. कुणीतरी विचारपूर्वक ठरवून दिल्यासारखा वाटतो. मूळ शब्द तसा नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'देफोत'चा अर्थ उणीव, कसूर. कायद्यात त्याला हजर न राहण्याचा अर्थ आला. आपल्या दिवाणी न्यायालयांत अजूनही वादी तारखेला आला नाही की दावा 'डिफॉल्ट'मध्ये निघतो. बँकेतला डिफॉल्टर हाही हप्त्याच्या दिवशी न उगवलेला माणूस. संगणकाने शब्द घेतला तो याच अर्थाने : मालकाने काहीच सांगितलं नाही, तेव्हा यंत्राने आपलं आपण जे धरलं ते डिफॉल्ट. डिफॉल्ट पोर्ट म्हणजे मालक गैरहजर असताना उघडलेलं दार. रात्रभर ठोठावणाऱ्या प्रोग्रामांना नेमकं हेच ठाऊक असतं. पासवर्ड जुळला की ते मालकाच्या खात्यावर परदेशातल्या महागड्या नंबरांना फोन लावतात आणि महिन्याअखेरीस बिल येतं मालकाकडे.

म्हणून त्या दिवशी आम्ही पोर्ट बदलायला बसलो. दार हलवायचं तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगावं लागतं. मुख्य यंत्रातला आकडा बदलला, मग टेबलाटेबलावर जाऊन अकरा फोनांतला, मग फायरवॉलमधला, आणि बाहेरची लाइन देणाऱ्या कंपनीलाही कळवलं. शेवटी माझ्याच मोबाइलवरून लावून पाहिलं. घंटी वाजली, काकांनी फोन उचलला, त्यांचं "हॅलो, हॅलो" मला स्पष्ट ऐकू येत होतं. माझा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. ५०६० वरून जातो तो फक्त निरोप : फोन आला, उचलला, ठेवला. प्रत्यक्ष बोलणं दुसऱ्याच दारांनी जातं; 'ॲस्टरिस्क' या फोनप्रणालीत ती दारं मुळात १०००० ते २०००० अशी धरलेली असतात. फायरवॉल आवरता आवरता मी ती बंद करून टाकली होती. उघडल्यावर काका हसून म्हणाले, "आता आलात."

दार हलवणं आपल्याला नवं नाही. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड असा वळवून बांधला आहे की अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. दुर्गअभ्यासक या बांधणीला 'गोमुखी' म्हणतात. पोर्ट बदलणं हे गोमुखीच आहे, समोरून सरळ चालून येणाऱ्याला दार न दिसणं. पण दरवाजा लपवला म्हणून गडावरचे पहारे कुणी उठवले नव्हते. एकेक आकडा ठोठावत निघालेल्या चिवट माणसाला नवं पोर्टही सापडतं. तेव्हा लांब पासवर्ड हवा, ओळखीच्या पत्त्यांनाच प्रवेश हवा, चार वेळा चुकणाऱ्याला बाहेर काढण्याची सोय हवी आणि परदेशी फोनची गरज नसेल तर ती वाट मुळातच बंद हवी. मोठा दरवाजा लावून घेऊन त्यातल्या एका माणसापुरत्या दिंडीतून चेहरा पाहून आत घ्यायची वाड्यांची रीत इथे जशीच्या तशी लागू पडते. फायरवॉलला मराठी शब्द शोधणाऱ्यांनी या 'दिंडी'चा जरूर विचार करावा.

दुसऱ्या दिवशी लॉग उघडला. रात्रीच्या रकान्यात दोनच ओळी होत्या, दोन्ही आमच्याच रखवालदाराच्या फोनच्या. मी काकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या वाचल्या, टेबलाच्या खणातून लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि नवं पोर्ट कोणतं ते विचारलं. आकडा लिहिला, पुढे तारीख घातली, आणि हिशेबाच्या पानावर करतात तशी खाली सही केली.