कलकत्त्याचे सांडपाणी आणि एक अभियंता
शहराच्या इतिहासात गटाराला कोणी पान देत नाही. कलकत्त्याचे सांडपाणी पूर्वेकडील ‘भेड़ी’ नावाच्या उथळ मत्स्यतळ्यांत जाते. ऊन व शेवाळ यांच्या योगाने ते निवळते. त्यावर मासळी पोसते. ही विद्या तेथल्या श्रमिकांनी कामातून घडविली. सरकारी अभियंते ध्रुवज्योती घोष १९८१ च्या सुमारास त्यांच्यापाशी शिकले, आणि २०१८ साली निधन होईपर्यंत त्या पाणथळीसाठी झगडले. १९९२ साली उच्च न्यायालयाने तेथील भरावास मनाई केली. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले. परंतु जमिनीचा भाव यादी वाचत नाही. तळ्यावरची मजुरी टिकली, तरच तळे टिकेल.